चार बोटं मागे

शांतवन काका माइकसमोर कधी 'हॅलो' म्हणाले नाहीत. माइकवर बोट आपटणाऱ्याचा आणि फुंकर मारणाऱ्याचा त्यांना मनापासून राग. "तो काय चहा हाय का फुंकायले?" असं ते कुणालाही तोंडावर म्हणत, मग समोर पाळकसाहेब का असेनात. त्यांची स्वतःची रीत वेगळी. माइकपुढे उभं राहायचं आणि साध्या घरगुती आवाजात म्हणायचं, "परमपिता परमेश्वर." 'प' फुटतो का ते पाहायचं. मग "सियोन, सियोन, सियोन", 'स'ची शीळ किती येते त्यासाठी. मग खिशातली स्कूटरची किल्ली माइकजवळ वाजवायची. आणि शेवटी काहीच नाही. डोळे मिटून, दहा श्वास मोजून, गप्प उभं राहायचं.

आमच्या चर्चच्या क्वायरसाठी, म्हणजे गायनवृंदासाठी, नवे माइक घ्यायचे ठरले तेव्हा मी त्यांच्याबरोबर भिलाईच्या सिविक सेंटर बाजारात गेलो होतो. दुकानदारानं चार खोकी उघडून समोर मांडली. काकांनी प्रत्येकासमोर परमपिता केला, सियोन केलं, किल्ली वाजवली, आणि मग कानाला हेडफोन लावून उभे राहिले. दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

"अंकल, कुछ बोलिए तो सही," दुकानदार म्हणाला.

काका माझ्याकडे वळले. "बोलतानी त सारेच चांगले असते. गप्प असल्यावर कोणता घरघर करते ते पाह्यतो. अर्धी उपासना त लोक गप्पच असतात नं?"

त्यांनी तिसरा निवडला, सगळ्यात साधा दिसणारा. दुकानदारानं चमकत्या जाळीचा चौथा पुढे केला. "अंकल, सिंगर लोग ये लेते हैं."

"हमारे यहाँ सिंगर नहीं है भाई," काका म्हणाले. "क्वायर है."

ते रेल्वेत होते, दुर्गला, सिग्नल आणि टेलिकॉम खात्यात. स्टेशनवरच्या घोषणांची यंत्रणा बरीच वर्षं त्यांच्या हाताखाली होती. घाईतल्या, सामानानं वाकलेल्या माणसाला आपल्या गाडीचं नाव एका ऐकण्यात कळलं पाहिजे, एवढंच त्यांचं शास्त्र. निवृत्त झाल्यावरही बरीच वर्षं दुर्गच्या मोहन नगरचं घर त्यांनी सोडलं नाही. दर शनिवारी सरावाला आणि रविवारी उपासनेला ते जुन्या स्कूटरवर मार्था काकूंना मागे बसवून भिलाईला येत. काकूंच्या मांडीवर वायरींची पिशवी आणि पिशवीत वर, चुरगळू नये म्हणून, त्यांची गाण्यांची वही.

आमच्या मंडळीत मल्याळी आहेत, तेलुगू आहेत, उरांव आहेत, इथलेच छत्तीसगढी आहेत. उपासना हिंदीत. मराठी घरं दोनच, त्यांचं आणि माझं. ते परतवाड्याकडचे, आम्ही मूळ नागपूरचे. मी पोलादाच्या प्लांटमध्ये, हजेरीच्या टाइम ऑफिसात कारकून. बायको जबलपूरची आणि मुलगी सारा हिंदीतच वाढलेली, त्यामुळे चर्चमध्ये आवाजाच्या मिक्सरच्या मागे काकांच्या शेजारी बसून जे बोलायचो तेवढंच माझं मराठी. आजूबाजूला ते कुणाला कळत नसे, आणि त्याची एक मजा होती. प्रवचन लांबलं की काका समोर बघत, अत्यंत भक्तिभावानं, हळूच म्हणत, "बाप्पा, या माणसाले खाली उतरा लागते हे कोणी सांगतलंच नाही वाट्टे." पुढच्या बाकावरच्या बहिणी वळून त्यांच्याकडे आदरानं पाहत. त्यांना वाटे, काका प्रार्थना करताहेत.

शेवटी ते अमरावतीला पुतण्याकडे राहायला गेले होते. गेल्या महिन्यात तिथून फोन आला. काका गेले. क्वायरचे सेक्रेटरी मला म्हणाले, "तुम तो उनके चेले थे, दो पैराग्राफ लिख दो, संडे को पढ़ देंगे." मी लिहिले. समर्पित सेवक, मृदुभाषी, अनुशासनप्रिय. मृदुभाषी ते नव्हतेच, पण असं लिहिण्याची पद्धत आहे. रविवारी ते वाचलं गेलं आणि बाहेर पडताना लोकांनी माझा हात दाबला. कुणी तरी म्हणालं, "बेटे जैसे थे आप उनके." मी मान हलवली. घरी येऊन हे लिहायला बसलो. मराठीत लिहितो आहे, कारण त्यांच्याबद्दल हिंदीत मी एकदा बोललो आहे, आणि त्याचंच मला सांगायचं आहे.

काकांच्या मते चाळीस माणसांच्या क्वायरला माइक दोन पुरतात. ते त्यांनी छताच्या लोखंडी अँगलला टांगले होते, गाणाऱ्यांच्या डोक्याच्या वर आणि जरा पुढे. "माइक म्हणजे कान हाय," ते म्हणत. "पाहुण्याच्या कानात तोंड घालून बोलता का तुमी?" पण दोनच कान ठेवायचे तर कुणी कुठे उभं राहायचं हे ठरलेलं हवं. म्हणून फरशीवर प्रत्येकाच्या नावाची इलेक्ट्रिक टेपची पट्टी. बायकांच्या वरच्या आवाजाला, सोप्रानोला, लाल; खालच्या आल्टोला पिवळी; पुरुषांच्या वरच्या टेनरला हिरवी, खालच्या बेसला निळी. जाड आवाजाला मागे ढकलायचं, लाजऱ्या आवाजाला पुढे आणायचं. एक धिप्पाड बेस गायक होते, प्लांटमधले फोरमन. त्यांची निळी पट्टी काकांनी थेट भिंतीला टेकवली.

"काका, आपने तो मुझे पड़ोस के मोहल्ले में खड़ा कर दिया," ते म्हणाले.

"वहाँ से भी सुनाई देगा," काका म्हणाले.

हे सगळं अंतर ते हातानं मोजत. सत्तरी ओलांडलेला माणूस फरशीवर उकिडवा बसून पंजा पसरत पुढे सरके. वीत, वीत, वीत, चार बोटं. मी एकदा स्टीलची मोजपट्टी आणून दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. "याले ऐकू येते का?"

मिक्सरवर वर-खाली सरकणारी जी बटणं असतात, फेडर म्हणतात त्यांना, त्यांच्यावर काकांची बोटं सतत असत, शिजत्या भातावरच्या झाकणावर ठेवल्यासारखी. एकदा बाहेरगावचे एक उपदेशक आले होते. आवाज मोठा, माइक तोंडात. काकांनी त्यांचा फेडर केसभर खाली घेतला. ते आणखी ओरडले. काकांनी आणखी खाली घेतला. असं दहा मिनिटं चाललं. शेवटी फेडर तळाला होता आणि उपदेशक नुसत्या घशावर सबंध चर्चला ऐकू जात होते. नंतर ते काकांना म्हणाले, आपके यहाँ का साउंड बहुत अच्छा है. काकांनी नम्रपणे हात जोडले. त्याच उपासनेत एका मुलीनं कापत्या आवाजात शास्त्रपाठ वाचला होता. तिचा फेडर काकांनी इतका हळू वर नेला की तिला वाटलं आपणच धीट होत चाललो आहोत.

समितीतल्या काहींना हातात धरायचे बिनवायरचे माइक हवे होते. दुसऱ्या एका चर्चमध्ये आठ आले होते. काका बैठकीत उठून म्हणाले, "आठ माइक होंगे तो आठ लोग गाएँगे, बाकी बत्तीस खड़े रहेंगे." विषय त्या वर्षापुरता मिटला. पुढच्या वर्षी पुन्हा निघाला.

मार्था काकू लाल पट्टीवर, पहिल्या रांगेत मधोमध. अंगानं एवढीशी बाई, पण वरच्या सुरात गेली की वाटायचं कुणीतरी खिडकी उघडली. नाताळच्या उपासनेत एक कडवं एकटीनं म्हणायची आमच्याकडे पद्धत आहे, आणि ते काकूंचं. त्या कडव्यासाठी, वर्षातून तेवढ्यासाठीच, काका स्टँडवरचा एक माइक लावत. सिविक सेंटरमधून आणलेला तो साधा.

एका डिसेंबरात मी त्यांना काकूंची पट्टी उखडताना पाहिलं. स्टँड जागचा हलवला नाही. जुन्या पट्टीच्या मागे चार बोटं ठेवली आणि तिथे नवी चिकटवली. मी बघतोय हे त्यांना दिसलं.

"गप्प राह्य," ते म्हणाले. "वर गेल्यावर थरथरते आता तिचा आवाज. जवळून थरथर ऐकू येते, लांबून गाणं ऐकू येते. हे तुह्यात न माह्यात."

पुढे दर डिसेंबरात तेच. काकू सराव सुरू होण्याआधी खाली बघत, आपलं नाव शोधत आणि त्यावर उभ्या राहत. पहिल्या रांगेतून त्या दीड रांगेवर आल्या. त्यांना वाटे, नवीन मुलींना जागा करताहेत. मला मात्र माहीत होतं, आणि ते मला माहीत आहे याचा मला अभिमान होता. एवढी मोठी गोष्ट कुणी माझ्याजवळ ठेवायला दिली नव्हती.

मग सारा सतरा वर्षांची झाली. क्वायरमध्ये तिला तीन वर्षं झाली होती आणि लोक तिचं कौतुक करायला लागले होते. आपल्या पोरीनं एकदा ते कडवं म्हणावं असं मला वाटायला लागलं. वाटणं वाईट नव्हतं. मी काकांना विचारलं.

"गोड हाय पोरगी," ते म्हणाले. "पण श्वास माइकात घेते आखीन. एक वर्ष थांब."

"काका, काकूचा आवाज त थरथरते म्हणता तुमी."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हो. थरथरते." आणि वायर गुंडाळायला लागले.

मी तसा बोलणारा माणूस नाहीच. जे असतं ते पोटात ठेवतो, आणि पोटात ठेवलेलं आंबतं. त्या दिवसापासून त्यांच्या शेजारी बसून मी एकच हिशेब लावत राहिलो, की बायकोसाठी हा माणूस फरशी सरकवतो आणि माझ्या मुलीसाठी याचं एक वर्ष सरकत नाही.

त्या डिसेंबरातला एक शनिवार, दुपारचा सराव. नाताळ आला म्हणून फरशी आदल्या दिवशी घासून काढली होती. जुन्या पट्ट्यांच्या गोंदाचे काळे डाग, एरवी धुळीत न दिसणारे, वर आले होते. प्रत्येकाच्या पायाशी एखाद-दुसरा. काकूंच्या पट्टीपुढे मात्र सात, एकापुढे एक, शिडीच्या पायऱ्यांसारखे.

मधल्या सुट्टीत सगळे मागच्या हॉलमध्ये चहाला गेले. तिथे भिंतीवर स्पीकरचा एक लहानसा बॉक्स आहे, रडतं मूल घेऊन बाहेर आलेल्या आयांना आणि स्वयंपाकघरातल्या बायकांना उपासना ऐकू यावी म्हणून. काकांचा नियम होता की मिक्सरवरून शेवटी उठणाऱ्यानं सगळे फेडर खाली घ्यायचे. शेवटी मी उठलो. आणि विसरलो. काकूंच्या कडव्याचा माइक उघडाच राहिला, आणि सरावात चर्चमधले मोठे स्पीकर बंद असल्यानं तो उघडा आहे हे तिथे कुणाला कळलं नसतं. हे विसरणं खरं आहे, त्याची मी शपथ घेऊ शकतो. पुढच्या कशाची घेऊ शकत नाही.

चहा ओतला जात होता आणि बॉक्समधून काकूंचा आवाज आला, इतका जवळून की किटली धरलेल्या सुशीला दीदी दचकल्या.

"हे काळे पट्टे कायचे होत?"

"टेपचे. गोंद राह्यला," काकांचा आवाज.

"ते मलेही दिसते. सगळ्याइचा एकेक, माहे सात कावून?"

काकांच्या खिशातली किल्ली वाजली.

"दरसाल मले मागं सरकवून राहिले तुमी?"

"चार बोटं. जास्त नाही."

"कावून?"

"आवाज पिकला वं तुहा, मार्था."

मग काका म्हणाले, "पेरू पिकला का घरभर वास येते. त्याले नाकाशी धरा नाही लागत. लांबूनच गोड लागते."

काकू हसल्या. रडता रडता हसतं माणूस, तसं. "मंग मले सांगतलं कावून नाही?"

"सांगतलं असतं त तू दुसऱ्या दिवसापासून आली नसती." आणि जरा थांबून, "मंग मी कोणासाठी लावू हे माइक?"

हॉलमध्ये तीसेक माणसं कप हातात धरून बॉक्सकडे बघत होती. नवरा-बायको काहीतरी बोलताहेत एवढं कळत होतं, काय ते कळत नव्हतं. मिक्सर तिथून चाळीस पावलांवर होता.

"का गोठियावत हें दूनो झन?" सुशीला दीदींनी मला विचारलं. काय बोलताहेत दोघं. त्यांच्या विचारण्यात नुसतं कौतुक होतं.

"हाँ भैया, ट्रांसलेट करो," अनुप म्हणाला. टेनरमध्ये गातो, बँकेत आहे, मस्करीखेरीज त्याचा चहाचा घोट उतरत नाही.

'कुछ नहीं, घर की बात है' एवढं म्हणायचं होतं. मी म्हणालो, "काका बोल रहे हैं, काकी की आवाज़ पक गई है."

आता हे समजून घ्या. आपल्याकडे फळ पिकतं, केस पिकतात, आणि माया असलेल्या माणसाच्या तोंडी आवाजही पिकतो. हिंदीत पिकणं म्हणजे पकना, हे बरोबर. पण इकडे कुणी 'पक गए' म्हणालं की त्याचा अर्थ विटलो, कान किटले. भिलाईत पंचेचाळीस वर्षं काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे माहीत नसतं असं नाही.

"आवाज़ पक गई, कि काका के कान पक गए?" अनुप म्हणाला.

सगळे हसले. मीही हसलो. आणि मग, कुणी विचारलं नसताना, मी पुढे म्हणालो, "हर साल चार उँगल पीछे खिसका देते हैं उनको. बताते नहीं. बताएँगे तो आना बंद कर देंगी." सेक्रेटरी ऐकत होते. ते ऐकताहेत हे बघूनच मी बोललो. सारा समोर कप धरून उभी होती. तिच्याकडे मी पाहिलं नाही.

पेरूचं मी सांगितलं नाही. शेवटचं वाक्यही सांगितलं नाही. पुढे कित्येक दिवस मी स्वतःला समजावलं की मी शब्दाला शब्द दिला होता, एकही पदरचा घातला नव्हता. खरंच घातला नव्हता. फक्त दोन वाक्यं गाळली.

काकू हॉलमध्ये आल्या तेव्हा त्यांचे डोळे ओले होते आणि चेहरा हसरा होता. असा चेहरा मी त्यांचा त्याआधी पाहिला नव्हता. अनुपनं कप पुढे केला.

"काकी, सुना है काका पक गए आपसे?"

त्यांना पहिल्यांदा कळलंच नाही. "क्या?"

"अरे, चार उँगल तो कुछ भी नहीं काकी," कुणीतरी समजुतीच्या सुरात म्हणालं. "हम लोगों को तो पता भी नहीं चलता."

त्यांनी कप घेतला नाही. सगळ्यांच्या तोंडांकडे एकेक करून पाहिलं. मग माझ्याकडे वळल्या आणि मराठीत विचारलं, "तुले माहीत होतं, प्रकाश?"

पट्ट्यांचं मला माहीत होतं. मी मान हलवली.

"म्हणजे सगळ्याइलेच माहीत होतं," त्या म्हणाल्या. "हसून राहिले होते इतके वर्स. मलेच तेवढं माहीत नव्हतं."

यांना दोन मिनिटांपूर्वी कळलं, काकू. माझ्या तोंडून कळलं. आठ शब्द झाले असते. माझ्या घशात ते आले होते, आणि मी चहाचा घोट घेतला.

तेवढ्यात काका दारात आले, चष्मा पुसत. हसू अजून कुणाकुणाच्या ओठांवर होतं. काकांनी काकूंकडे पाहिलं, भिंतीवरच्या बॉक्सकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग मागे वळले, आणि थोड्या वेळानं बॉक्समधली घरघर बंद झाली.

समितीत विचारणा झाली. एवढा जाणता माणूस, आणि माइक चालू ठेवून घरचं बोलतो? काका उभे राहिले. "मुझसे खुला रह गया," म्हणाले, आणि बसले. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर होतो. त्याच बैठकीत बिनवायरचे माइक मंजूर झाले, मिक्सर माझ्याकडे आला, आणि काकू येत नाहीत म्हणून नाताळचं कडवं साराला मिळालं.

नाताळला काका एकटे आले. सगळ्यात मागच्या बाकावर बसले. साराच्या हातात नवा माइक होता आणि ती दोन ओळी म्हणून तिसरीवर जाते तोच एक बारीक शीळ उठायला लागली. माझ्यासमोर आठ फेडर. कोणता शिट्टी मारतोय मला कळेना. मी वर पाहिलं. मागच्या बाकावर काकांनी हात छातीशी धरून पाच बोटं दाखवली होती. मी पाचवा खाली घेतला. शीळ विरली. साराचं कडवं स्वच्छ पार पडलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, माझ्या बायकोनं डोळे पुसले. श्वास मात्र प्रत्येक ओळीआधी ऐकू येत होता. तो मला अजून ऐकू येतो. सारा आता बंगळूरला असते, गात नाही.

नाताळनंतर मी मोहन नगरला त्यांच्या घरी गेलो. सांगून टाकायचं ठरवून गेलो होतो. काकूंनी दार उघडलं, "ये रे, बस," म्हणाल्या, साराचं कसं झालं ते विचारलं. मनापासून विचारलं. मग चहा घेऊन आल्या आणि आतल्या खोलीकडे वळून म्हणाल्या, "सुनिए, आपकी चाय रख दी है."

मला वाटलं, आत कुणी पाहुणं असावं. काका बाहेर आले, एकटेच. "हाँ, ठीक है," म्हणाले.

पाऊण तास मी तिथे होतो. माझ्याशी दोघंही मराठीत बोलत होते. एकमेकांशी हिंदीत. आवाज चढवून नाही, रागानं नाही. बँकेच्या खिडकीवर बोलतात तसं, आप आणि जी लावून. परतवाड्याहून लग्न करून आणलेली बाई, पन्नास वर्षांचा संसार. मी चहा संपवला आणि न सांगता उठलो.

दोन वर्षांनी त्यांनी दुर्ग सोडायचं ठरवलं. अमरावतीला पुतण्याकडे. मी स्टेशनवर गेलो. दुपारची वेळ, गाडी लागलेली. काकू स्लीपरच्या डब्यात खिडकीशी बसल्या होत्या. काका खाली प्लॅटफॉर्मवर, सामान मोजून झाल्यावर नुसतेच उभे. मी त्यांना दोन डबे पलीकडे घेऊन गेलो आणि म्हणालो, "काका, त्या दिवशी हॉलमधी..."

"मले माहीत हाय."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"मराठी समजणारा त्या खोलीत दुसरा होता कोण?" ते म्हणाले. वरून घोषणा चालू होती, ती संपेपर्यंत थांबले, सवयीनं. "पिकला म्हणलं होतं मी. तिनं ऐकलं होतं नीट. खूश झाली होती. मंग तिले वाटलं, मी ते आधीच साऱ्याइले सांगून हसवलं, न तिले गोड करून सांगतलं."

"तुमी कावून नाही सांगतलं काकूले? माह्याबद्दल?"

"मी सांगतलं त तिले वाटलं असतं का मी दुसऱ्यावर ढकलून राहिलो. तिनं तुले विचारलं होतं, मले नाही. तुह्या तोंडून ऐकलं असतं त खरं वाटलं असतं." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "दोन वर्स वाट पाह्यली तुही. आता दहा मिनिटं हायत. जाय, सांग."

मी खिडकीशी गेलो. गज धरले. काकूंनी पदर सारखा केला आणि हसून माझ्याकडे पाहिलं.

"काय रे प्रकाश?"

सगळं माझ्या तोंडात होतं. कुठून सुरू करायचं तेही ठरलं होतं, पेरूपासून. गाळलेल्या दोन वाक्यांपासून. मी त्यांच्या हातांकडे पाहिलं, मांडीवर रिकामी बाटली होती.

"पाणी आणू का, काकू?"

"आण बापा, बरं होईल," त्या म्हणाल्या.

मी नळावर गेलो. बाटली धुतली, भरली, झाकण घट्ट लावलं. परत आलो तेव्हा काका डब्यात चढून त्यांच्या समोर बसले होते. मी बाटली गजांतून आत दिली. काकांनी ती घेतली. बाटलीकडे पाहिलं, काकूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तो होता तसाच होता. मग माझ्याकडे वळले.

"सांगतलं?"

"काय सांगायचं होतं?" काकूंनी विचारलं.

मी मान हलवली, नाही अशी. डबा हलला.

"बरं," काका म्हणाले. "मंग हात काढ खिडकीतून. गाडी सुटून राहिली."